हात न लावणारी सासू

रविवार, १ फेब्रुवारी

कामाच्या नोंदी ऑफिसच्या मशीनवर असतात आणि त्या सगळ्यांना दिसतात. ही वही फक्त माझ्यासाठी आहे. ज्याची खात्री नाही तेही इथे लिहायचं, असं ठरवलं आहे.

प्रोग्राम आज पुरा झाला. तो डेटाबेस नुसता वाचतो. काही बदलत नाही, बदलूच शकत नाही, कारण डेटाबेस सांभाळणाऱ्या अबू गस्सान यांनी मला दिलेल्या खात्याला फक्त वाचायची परवानगी आहे. कोणता इंडेक्स किती वेळा वापरला गेला याची गणती डेटाबेस स्वतःच ठेवत असतो. माझा प्रोग्राम ती गणती गोळा करतो आणि सगळ्यात कमी वापरलेला इंडेक्स सगळ्यात वर दाखवतो. एवढंच.

आईने जेवताना विचारलं की दोन महिने बसून काय केलंस. तिला सांगितलं, जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते, तिच्यामुळे हवं ते पान पटकन सापडतं. इंडेक्स म्हणजे ती सूची. पण पुस्तकात रोज नवी पानं भरत असतील, तर प्रत्येक नव्या पानामागे सगळ्या सूच्यांमध्येही लिहावं लागतं. हाजी मिदहत यांच्या मिठाईच्या दुकानांतल्या ऑर्डरींना अशा तेवीस सूच्या आहेत. म्हणून गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि पडदा अडून बसतो. आई म्हणाली, "मग नको त्या काढून टाका की." मी हेच सांगायला आठ पानांचं सादरीकरण केलं आहे.

हाजी मिदहत आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गेल्या आठवड्यात ते ऑफिसात आले आणि चहा यायच्या आत उठून गेले. या रमजानमध्ये यंत्रणा अशीच रखडली तर ईद झाल्यावर ते दुसऱ्या कंपनीकडे जाणार आहेत. ते गेले तर मादाम सिहाम यांची ही अम्मानमधली चार खोल्यांची कंपनी राहील की नाही, मला सांगता येत नाही. माझी नोकरी तर ईदपर्यंत कच्चीच आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रोग्राम अबू गस्सान यांना दाखवला. बारा वर्षं डेटाबेस त्यांच्याच हातात आहे. मरामियाच्या पानांचा चहा पीत ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरात येते, कपाटं उघडते, डबे हुंगते, कशाला हात लावत नाही, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत सुटते. ही माझी सासू आहे."

शेजारच्या खोलीतून मादाम सिहाम हसल्या. मी प्रोग्रामला 'इंडेक्स वापर निरीक्षक' असं नाव दिलं होतं. दुपारपर्यंत ते कोणीही उच्चारलं नाही आणि 'सासू' सगळ्यांच्या तोंडी झालं.

तेवीसपैकी नऊ इंडेक्सपुढे शून्य आहे. एकदाही वापरलेले नाहीत.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मुहन्नद आला होता. हा हाजींचा पुतण्या, जबल हुसैनच्या मुख्य दुकानात ऑर्डरी सांभाळतो. तक्रार अशी की पावतीवरची अक्षरं फिकट येतात. मी पुन्हा सांगितलं की प्रिंटर आमचा नाही, त्याची शाई संपली असेल. त्याला ते पटलं. पटल्यावरही तो चहा संपेपर्यंत बसला.

ऑफिससाठी म्हणून त्याने तिळाच्या बराजिक बिस्किटांचा डबा आणला होता. दारातून आत आलं की मादाम सिहाम यांची खोली आधी लागते, तरी डबा तो दर वेळी माझ्या टेबलावर ठेवतो. या महिनाभरातली ही चौथी खेप. त्यांच्या दुकानातला फोन चालू आहे, मी खात्री करून घेतली.

बोलता बोलता कतायेफचा, रमजानच्या त्या सारण भरलेल्या गोड घावनांचा, विषय निघाला. मला चीज भरलेले आवडत नाहीत, अक्रोडाचे आवडतात, असं मी म्हटलं. याचा कामाशी संबंध नव्हता.

रविवार, ८ फेब्रुवारी

बैठक. मादाम सिहाम यांचं म्हणणं, नऊ शून्यं आहेत तर वाट कसली बघायची. अबू गस्सान म्हणाले, "ईदनंतर बघू."

अम्मानमध्ये हे वाक्य रमजान महिनाभर लांब असल्यापासून ऐकू येतं. दाताचा डॉक्टर, नगरपालिका, माझ्या मामाचा साखरपुडा, सगळं ईदनंतर. गेल्या वर्षी डेटाबेस नव्या मशीनवर न्यायचा होता, तोही ईदनंतरच नेला, आठ एप्रिलला. तारीख मला माहीत आहे, कारण नवं मशीन म्हटल्यावर सगळी गणती पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

अबू गस्सान म्हणाले की दहा महिने म्हणजे वर्ष नव्हे. का नव्हे, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. मी म्हटलं, जी वस्तू दहा महिन्यांत एकदाही लागली नाही ती उरलेल्या दोन महिन्यांत लागेल, असं मानायला काही आधार पाहिजे. हे मी शांतपणे सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, गरजेपेक्षा जास्तच शांतपणे.

निर्णय माझ्या बाजूने झाला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

नऊही इंडेक्स काढले. काढायचा अधिकार अबू गस्सान यांना आहे, मी शेजारी बसून एकेक नाव वाचत होते. आठ नावांवरून तो इंडेक्स कशाचा ते कळत होतं: बंद झालेली शाखा, जुना कर, असं काही. शेवटच्याचं नाव होतं ref2.

त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, "हा मीच केलाय. कशाला ते आता आठवत नाही."

मी म्हटलं, "तुम्हालाच आठवत नाही, उस्ताज, तर तो कोणाला लागत असणार?"

तरी मी आधी त्यांच्या खात्यावरून तपासून घेतलं होतं. त्या रकान्यात जुन्या काही ऑर्डरींपुढे आकडे आहेत. अलीकडच्या हजारो ऑर्डरींपुढे तो रिकामा आहे. मला किंचित शंका होती, पण ती कशात मांडता येत नव्हती म्हणून सोडून दिली. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कळ दाबली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

ऑर्डर आता बोट उचलायच्या आत नोंदली जाते. हाजींनी पाकातल्या कुनाफ्याची मोठी परात पाठवली. अबू गस्सान यांनी पहिला तुकडा कापून माझ्या पडद्यासमोर ठेवला, सासूबाईंचा मान म्हणून. मग स्वतःच खाल्ला.

परात घेऊन मुहन्नद आला होता. मी विचारलं, तक्रार काय. तो म्हणाला, काही नाही, तक्रार नाही हेच सांगायला आलो. तक्रार नसेल तर कळवायची आवश्यकता नसते, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला की यापुढे लक्षात ठेवीन, आणि आमच्या अरुंद जिन्यावरून रिकामी परात छत्रीसारखी डोक्यावर धरून उतरला. वरून बघताना मला हसू आलं. का आलं ते तपासण्यासारखं नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पहिला रोजा. ऑफिस तीनला सुटतं. चारपासून रस्त्यावर सगळ्यांना एकाच वेळी घरी पोचायचं असतं आणि सूर्यास्ताला, मगरिबच्या अजानला, शहरात चिटपाखरू नसतं.

परत येताना हाजींच्या लुवैबदेच्या शाखेत डोकावले. कतायेफसाठी रांग पदपथावर आली होती. गल्ल्यावरचा पडदा कुठेही अडला नाही. एक बाई मागच्या बाईला सांगत होती की यंदा इथे पटापट होतंय. मी ते ऐकायला रांगेत थोडा वेळ उगाच उभी राहिले.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मावशीने करकहून साजूक तूप पाठवलं, तिच्या शेजारणीच्या शेळ्यांचं. आई डब्यावर चिकटपट्टी लावून आमचं आडनाव लिहीत होती. मी विचारलं, कशाला. ती म्हणाली, हरवू नये म्हणून. यंदा ईदचे खजूर भरलेले मामूल घरी भाजायचे नाहीत, हाजींकडे भाजायला द्यायचे, मुलगी तिथलं काम करते तर जरा ओळखीचा उपयोग होऊ दे, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं की मी दुकानात काम करत नाही. तिने ते ऐकलं नाही. मी प्रोग्रामला एक नवा आलेख जोडत होते, त्यामुळे मीही पुढचं ऐकलं नाही.

रविवार, ८ मार्च

आज मुहन्नदने फोन केला. दुकानात सगळं अडलंय म्हणाला. मी अबू गस्सान यांना सांगायला गेले तर ते पेन खाली ठेवून म्हणाले, "फोन केलाय? मग खरंच काहीतरी बिघडलंय." हा निष्कर्ष त्यांनी कशावरून काढला, मला कळलं नाही. मादाम सिहाम यांना कळला असावा.

प्रोग्राम उघडला. त्यात आणखी एक गणती आहे: ऑर्डरींचं सगळं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत किती वेळा वाचावं लागलं. एरवी ती जागची हलत नाही. आज मी बघत असताना चढत होती, टॅक्सीच्या मीटरसारखी. कोणीतरी काहीतरी शोधत होतं, आणि ते शोधायला सूची नव्हती म्हणून दर वेळी अख्खं पुस्तक वाचलं जात होतं. काय शोधलं जात होतं ते मला दिसत नव्हतं. माझं खातं गणती वाचतं, माणसांच्या ऑर्डरी वाचत नाही.

उद्या दुकानात जाऊन बघणार.

सोमवार, ९ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

मुख्य दुकानात गेले तर बायकांची गर्दी, आणि प्रत्येकीच्या हातात तुपाचा डबा. घागरीएवढ्या मोठ्या बरण्यांपासून औषधाच्या बाटलीएवढ्या बाटल्यांपर्यंत सगळं. मुहन्नद गल्ल्यावर होता. त्याने एका डब्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली, तो क्रमांक यंत्रात घातला आणि डबा आत भटारखान्यात गेला. हाजींच्या वडिलांपासूनची ही पद्धत. रमजान ईदच्या मामूलसाठी दुकानाचं तूप चालत नाही. जिचं तूप, तिचेच मामूल, आणि तिचेच परत तिच्या हातात. बकरी ईदला हे करत नाहीत, वर्षात कधीच करत नाहीत. फक्त रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

तयार झालेला ट्रे बाहेर आला की डब्याचा क्रमांक टाकून ऑर्डर काढायची आणि नाव पुकारायचं. मुहन्नदने क्रमांक टाकला. पडदा अडला. पुढच्या बाईने विचारलं की यंत्रही रोजे ठेवतं का. मी पडद्याच्या कोपऱ्यात रकान्याचं नाव बघितलं. ref2.

तूप देऊन मामूल करून घेतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्याच आईने माझ्यासमोर डब्यावर पट्टी लावली होती. ते डेटाबेसमध्ये कुठेतरी असणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं नाही. आणि गणती आठ एप्रिलची. दर वर्षी ज्याला हात लावायचा ते ईद झाल्यावर लावायचं, म्हणून गणतीही ईद झाल्यावर सुरू झाली. त्या दहा महिन्यांत रमजान नव्हताच. शून्य खरं होतं. त्याचा मी लावलेला अर्थ खोटा होता.

भटारखान्यात त्याहून वाईट. नावं वेळेवर न निघाल्यामुळे ट्रे एकमेकांवर चढले होते आणि काही चिठ्ठ्या वाफेने सुटल्या होत्या. एक आजी हाजींच्या समोर मामूल हुंगून सांगत होती, "हे तूप माझ्या बहिणीच्या शेळ्यांचं नाही. ही शेळी मी ओळखत नाही." हाजी तिची समजूत घालत होते. मग त्यांनी मला बघितलं आणि विचारलं, हे कोणामुळे झालं.

अबू गस्सान यांनी कळ दाबली होती. मादाम सिहाम यांनी हुकूम दिला होता. ही दोन्ही वाक्यं मला सुचली.

मी म्हटलं, "माझ्यामुळे, हाजी. तुमच्या डब्यांची सूची मी काढायला लावली. मला वाटलं, ती कोणी वापरत नाही."

गल्ल्यावर मुहन्नदचा हात थांबला होता. मग हाजी म्हणाले, "उद्याचा दिवस देतो. परवाही हे असंच असेल तर सिहामला सांग, ईदपर्यंत थांबत नाही."

 

मंगळवार, १० मार्च

सकाळी सगळं सांगितलं. मादाम सिहाम खुर्चीत मागे रेलल्या आणि डोळे मिटून बसल्या. अबू गस्सान यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना आता सगळं आठवलं: हाजींचे वडील, डबे, बारा वर्षांपूर्वीचा रमजान. मी विचारलं, मग नाव 'तूप' असं का नाही ठेवलं. ते म्हणाले, "ref1 आधीच होतं ना."

मादाम सिहाम यांना हसू आवरेना, आणि मग आम्हा सगळ्यांनाच.

इंडेक्स पुन्हा बांधायचा तर तेवढा वेळ नव्या ऑर्डरी नोंदता येत नाहीत. काम चालू ठेवून बांधायची एक रीत आहे. ती आम्ही सकाळी करून बघितली. गर्दीमुळे ती अर्ध्यावर अडकली, सोडून द्यावी लागली. दुकानं तर पहाटेच्या सहरीपर्यंत चालू. बंद करा म्हणायला हाजींकडे जाण्याची कोणाची हिंमत नव्हती.

मी म्हटलं, मगरिबला करू. अजानपासून अर्धा तास अम्मानमध्ये कोणी मिठाई घेत नाही. माझ्या प्रोग्रामच्या आलेखात ती जागा रोज दिसते: रेषा सरळ खाली येते, थोडा वेळ जमिनीवर पडून राहते आणि मग एकदम उसळते. अबू गस्सान यांच्या मुलीकडे आज पहिली मोठी इफ्तार होती. त्यांनी तिला फोन करून सांगितलं की येत नाही, सासूने बोलावलंय. पलीकडून मुलगी म्हणाली की आजी तर कधीच वारली. ते मादाम सिहाम यांना तिला समजावून सांगावं लागलं.

संध्याकाळी आम्ही तिघं पडद्यासमोर. रस्ता रिकामा झाला. मसूरच्या सूपचं पातेलं मादाम सिहाम यांनी घरून आणलं होतं. अजानला थोडा वेळ असताना मुहन्नद चिंचेच्या सरबताचा जग आणि एक खोका घेऊन जिना चढून आला. गल्ले कधी रिकामे झाले ते सांगायला कोणीतरी हवं म्हणाला. हे फोनवर सांगता आलं असतं. पण त्याला दम लागला होता, म्हणून मी ते बोलून दाखवलं नाही.

अजान झाली. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. रेषा खाली आली. अबू गस्सान यांनी आज्ञा टाइप केली आणि मला म्हणाले, "वाच, पोरी. मोठ्याने. मी आता कशावर विश्वास ठेवत नाही, स्वतःवर तर नाहीच."

मी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. त्यांनी कळ दाबली.

मग करण्यासारखं काही नव्हतं. सूप वाढलं गेलं, पण कोणी खाली बसेना. मुहन्नदने विचारलं की आत आता काय होतंय. मी सांगितलं, बारा वर्षांतली प्रत्येक ऑर्डर उघडून तिच्यावर डब्याचा क्रमांक आहे का ते बघितलं जातंय. तो म्हणाला, म्हणजे माझ्या आजीचा डबाही. मी म्हटलं, असेल तर तोही. मादाम सिहाम खिडकीशी उभ्या होत्या. समोरच्या घराच्या गच्चीवर कोणीतरी जेवण उरकून सिगारेट पेटवली. त्या म्हणाल्या, लोक उठायला लागले.

अबू गस्सान यांचं सूप निम्मं संपलं तेव्हा पडद्यावर ओळ आली. झालं.

मुहन्नदने दुकानात फोन लावला आणि एक डबा शोधायला सांगितला. मी प्रोग्राम ताजा केला. त्या इंडेक्सपुढे शून्य होतं, त्याचं एक झालं. मग दोन. मग रांग परत आली असावी, कारण आकडा मला वाचता येईना इतका पळायला लागला. फोनवर मागे कोणीतरी ओरडून नावं पुकारत होतं, एकामागून एक, मधे न थांबता.

खोक्यात कतायेफ होते. सगळे अक्रोडाचे. गेल्या महिन्यात एकदाच बोललेलं त्याच्या लक्षात राहिलं. स्मरणशक्ती इतकी चांगली असताना प्रिंटर कोणाचा ते तो का विसरतो, हे एकदा विचारायचं आहे.

शुक्रवार, १३ मार्च

इफ्तारनंतर आमचे मामूल आले. आईने एक तोडला, चाखला आणि उरलेला निरखून बघितला. मी विचारलं काय झालं. हे करकचं तूप नाही, ती म्हणाली. सोमवारच्या गोंधळात आमच्या डब्याचीही अदलाबदल झाली असणार. मी लगेच दुकानात कळवायला निघाले तर तिने हात धरला. "बस खाली. हे आपल्यापेक्षा चांगलं आहे. तुझ्या मावशीला एक शब्द सांगायचा नाही."

प्रोग्राममध्ये काल एक ओळ वाढवली. गणतीच्या आधी आता मोठ्या अक्षरांत ती कोणत्या दिवसापासूनची आहे ते येतं, इंग्रजी तारीख आणि हिजरी तारीख दोन्ही. मधे जे सण आले नाहीत, त्यांची नावं त्याखाली लाल अक्षरांत. अबू गस्सान म्हणाले, सासूला चष्मा लागला.

गुरुवार, १९ मार्च

ईद उद्या की परवा, ते संध्याकाळी चंद्र ठरवील. ऑफिस आज अर्धा दिवस.

काल इफ्तारनंतर आवराआवरीला आम्ही सगळे ऑफिसात असताना हाजी मिदहत आले. मागे मुहन्नद. आम्ही सगळे उभे राहिलो. मादाम सिहाम काही बोलणार तेवढ्यात हाजी माझ्या टेबलापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "ती बाई दाखव. सगळं बघते आणि हात लावत नाही ती."

मी प्रोग्राम दाखवला. नोंदींप्रमाणे डब्यांचे सगळे ट्रे आपापल्या घरी पोचले होते, शेवटचा काल सकाळी. शेळी न ओळखणाऱ्या आजीलाही तिचे मामूल पुन्हा भाजून दिले होते. हाजींनी आकड्यांकडे निरखून बघितलं. मग मुद्द्यावर आले. त्यांच्या दुकानात चाळीस प्रकारची मिठाई आहे. त्यातली निम्मी तरी कोणी घेत नाही, वडिलांनी चालू केली म्हणून चालू आहे. हीच बाई मिठायांवर सोडायची. जिच्यापुढे शून्य, ती बंद. त्यांना यादी ईदनंतर लगेच हवी होती.

मादाम सिहाम माझ्याकडे बघत होत्या. हो म्हण, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "आकडे रोज देईन, हाजी. कोणती बंद करायची ते पुढच्या ईदपर्यंत सांगणार नाही. मधला प्रत्येक सण, प्रत्येक लग्नसराई, यात्रेकरू हजहून परत यायचा दिवस गणतीत आला पाहिजे. वर्ष पुरं झाल्याशिवाय माझ्या तोंडून शून्य येणार नाही."

"आणि तोवर मी पिस्त्याची ती जुनाट वडी करत बसू?"

"हो."

मला वाटलं, आता ते उठणार. चहा अजून आला नव्हता. मग ते मागे वळून मादाम सिहाम यांना म्हणाले, "हिच्यामुळे मी एक वर्ष अडकलो, सिहाम. कागद काढ. आणि ही पोरगी त्यात पाहिजे, नाहीतर मी सही करत नाही."

मादाम सिहाम यांनी कागद काढला. माझी नोकरी पक्की झाली हे त्यांनी मला त्याच वेळी सांगितलं, पेन शोधता शोधता. अबू गस्सान आतल्या खोलीत जाऊन उगाच नाक शिंकरून आले. चहा आला. हाजींनी तो पुरा प्यायला आणि दुसरा मागितला.

प्रत्येक शाखेत मिठाई कशी नोंदतात ते बघायला मला स्वतः जावं लागेल, कारण गणती चुकते ती नोंदीपासून. हे मी म्हटल्याबरोबर मुहन्नदने सांगितलं की सगळ्या शाखा तो दाखवील, आणि खिशातून वेळापत्रक काढलं. सात शाखा, प्रत्येक आठवड्याला एक. ते त्याने कधी केलं, मला माहीत नाही. आमचं हे बोलणं होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. हाजींनी छताकडे बघितलं. मादाम सिहाम यांनी कप तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

वेळापत्रक घरी आणलं आहे. आता पुन्हा नीट वाचलं. तिसऱ्या आठवड्यात सल्त गावच्या शाखेपुढे शुक्रवार लिहिला आहे. शुक्रवारी ती शाखा दिवसभर बंद असते, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नसणार.

मी दुरुस्ती कळवलेली नाही.